क्रॅग हॅक, तीन गॉब्लिन आणि मामाच्या घरचा गणपती

2002 च्या मे महिन्यात सांगलीला मामाच्या घरी पहिल्यांदा कॉम्प्युटर आला. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, कुणाकडून तरी एक सीडी राइट करून घेऊन आला. तिच्यावर स्केचपेननं 'हीरोज 3' लिहिलं होतं. ती सुट्टी आम्ही पंधरा इंची मॉनिटरसमोर घालवली. एकाच मशीनवर दोघांनी आळीपाळीनं खेळायची सोय त्या गेममध्ये आहे, हॉट सीट म्हणतात. दादाची पाळी चालू असताना मी भिंतीकडे तोंड करून बसायचो आणि माझ्या पाळीला तो. चोरून बघितलं की मामीकडे तक्रार जायची.

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3' हा न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगनं 1999 मध्ये काढलेला गेम. नकाशावर तुमचं एक शहर असतं, त्यात दर आठवड्याला सैन्य तयार होतं आणि ते घेऊन तुमचा हीरो फिरतो. हीरो दोन जातींचे, लढवय्ये आणि मंत्रवाले. दादा कायम टॉवर हे शहर घ्यायचा, हीरो सोलमिर. निळ्या अंगाचा जिन, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या पोथीत चेन लाइटनिंग हा विजेचा मंत्र. मी स्ट्राँगहोल्ड आणि क्रॅग हॅक. का, तर चित्रात तो सगळ्यांत दांडगा दिसायचा आणि सुरुवातीलाच त्याचा अटॅक 4 होता. डिफेन्स 0 होता, पण तिकडे तेव्हा लक्ष कोण देतो!

त्या सुट्टीत मी एकदाही जिंकलो नाही. माझी लढाईची पद्धत एकच होती. सगळ्यांना पुढे पाठवायचं आणि जो पहिला पोहोचेल त्यानं हाणायचं. दादा शांतपणे वीज पाडायचा, ती चार जणांवरून उड्या मारत जायची आणि उरलेल्यांना टायटन, म्हणजे टॉवरचे सगळ्यांत ताकदवान सैनिक, वेचून काढायचे. क्वचित माझं पारडं जड झालंच, तर तो एक वीज टाकून मैदान सोडायचा आणि खानावळीत 2500 सोन्याची नाणी मोजून तोच सोलमिर परत विकत घ्यायचा. हे नियमात बसतं. तरी मला अजून राग येतो.

मग कॉलेज, नोकरी, मी नाशिक, दादा पुणे. 2024 मध्ये त्यानं सहज फोनवर विचारलं, "गणपतीला येतोयस ना? लॅपटॉपवर हीरोज टाकलाय." मी हो म्हणालो आणि त्याच रात्री मीही तो विकत घेऊन उतरवला. गणपतीला महिना होता. बायकोला सांगितलं की ऑफिसचं काम आहे. तिनं स्क्रीनकडे बघितलं, काही बोलली नाही.

ठरवलं की हीरो बदलायचा नाही. क्रॅग हॅकच घ्यायचा, पण या वेळी तो खेळायला शिकायचं.

सुरुवात क्रिप्टपासून केली. क्रिप्ट म्हणजे नकाशावरची थडगी. सगळ्यांत सोप्या थडग्यात 30 सांगाडे आणि 20 चालती प्रेतं असतात, जिंकलात तर 1500 नाणी. आत शिरलं की तुमचं सैन्य मैदानाच्या मध्यात आणि मढी चारी बाजूंनी. मी सवयीनं लांडगेस्वार पुढे घातले. त्यांनी प्रेतांच्या घोळक्याला चावा घेतला, प्रेतांनी उलटा फटका दिला, मग प्रेतांची स्वतःची पाळी आली आणि त्यांनी आणखी एक दिला. थडगं जिंकलं, पण बाहेर पडताना माझ्याकडे एकही लांडगा नव्हता. पहिल्या आठवड्यात असं झालं की पुढचं सगळं लंगडं होतं, कारण लांडगेस्वार आठवड्याला फक्त 9 तयार होतात.

तोच सेव्ह पुन्हा उघडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उघडण्याआधी वही काढली.

या गेममध्ये जवळजवळ प्रत्येक तुकडी एका फेरीत एकदाच उलटा फटका देते. सगळा खेळ या एका वाक्यात आहे आणि ते मला बावीस वर्षं माहीत होतं. माहीत असून त्याचं काय करायचं ते कळलं नव्हतं. तुकडीत शंभर जण असोत नाहीतर एक, ती तुकडीच. मग मी एक गॉब्लिन, म्हणजे माझ्या सैन्यातला सगळ्यांत किरकोळ शिपाई, बाजूला काढला. एकटा, पाच हेल्थचा, कुणी शिंकलं तरी मरणारा. आधी त्याला प्रेतांवर सोडला. तो अर्थातच मेला. पण प्रेतांचा उलटा फटका त्याच्यावर खर्च झाला आणि त्यामागून लांडग्यांनी फुकटात चावे घेतले. चौथ्या वेळी थडग्यातून बाहेर आलो तेव्हा तीन गॉब्लिन कमी होते, लांडगे शाबूत.

सैन्याला जागा सातच असतात. पूर्वी मला वाटायचं की सातही जागा दणकट सैनिकांनी भरायच्या. आता तीन जागी एकेक गॉब्लिन उभा राहू लागला. वहीत मी त्यांना 'हुतात्मे' असं नाव दिलं होतं. मुलीनं वही बघून विचारलं, बाबा हे कोण? तिला काय सांगणार.

दुसरी गोष्ट वेट बटणाची. मैदानात जो वेगवान त्याची पाळी आधी. वेट दाबलं की तुमची पाळी फेरीच्या शेवटी जाते, आणि थांबलेल्यांचा क्रम उलटा असतो, म्हणजे सगळ्यांत वेगवान तो सगळ्यांत शेवटी. आता समजा माझे थंडरबर्ड, म्हणजे माझ्या सैन्यातले सगळ्यांत वेगवान पक्षी, थांबले. ते फेरीच्या अगदी शेवटी मारतात, आणि नवी फेरी सुरू झाली की सगळ्यांत आधी परत त्यांचीच पाळी. समोरच्याला मध्ये हात हलवायला वेळच नाही, पाठोपाठ दोन फटके. शिवाय तोवर समोरचे आपणहून चालत जवळ आलेले असतात. लढवय्या हीरो घेऊन मी लहानपणी जे करायचो त्याच्या हे बरोबर उलटं आहे. पहिल्या फेरीत क्रॅग हॅकच्या सैन्यानं शक्यतो काहीच करायचं नाही. मला ते दोन-तीन दिवस जमलंच नाही, बोट आपोआप हल्ल्याकडे जायचं.

मग हिशेब. तुमचा अटॅक समोरच्याच्या डिफेन्सपेक्षा जितका जास्त, तितक्या दर गुणाला 5 टक्के मार वाढतो. उलट असेल तर दर गुणाला अडीच टक्के कमी होतो. म्हणजे वरचढ अटॅकचा एक गुण वरचढ डिफेन्सच्या दोन गुणांइतका परिणाम करतो, आणि बार्बेरियनला, म्हणजे क्रॅग हॅकच्या जातीच्या हीरोला, दहाव्या लेव्हलपर्यंत निम्म्याहून जास्त वेळा अटॅकच मिळतो. त्यात क्रॅग हॅकची खासियत ऑफेन्स. हे कौशल्य एक्स्पर्ट झालं की जवळून मारताना 30 टक्के जास्त मार बसतो आणि त्याच्या हातात त्या तिसाचे दर लेव्हलला आणखी पाच टक्के वाढत जातात. दहाव्या लेव्हलला 45, बाराव्याला 48. सरकारी डीए बरा वाटावा अशी वाढ.

नकाशावरच्या धावपळीबद्दल फार सांगत नाही. एकच गोष्ट. हीरो दिवसाला किती चालणार हे त्याच्यासोबतच्या सगळ्यांत मंद तुकडीवर ठरतं, आणि तेही सकाळी जी सोबत असेल तिच्यावर. म्हणून रात्री गॉब्लिन आणि ऑर्क दुसऱ्या एखाद्या भाडोत्री हीरोकडे ठेवायचे आणि सकाळी परत घ्यायचे. हे कळेपर्यंत माझा हीरो बैलगाडीसारखा चालत होता.

राहिला मंत्र. क्रॅग हॅकच्या आणि मंत्रांच्या नात्याबद्दल काय बोलावं! नॉलेज 1, म्हणजे मॅना (मंत्र टाकायला लागणारी शक्ती) 10. पोथीसुद्धा सोबत नसते, ती 500 नाण्यांना विकत घ्यावी लागते. आणि स्ट्राँगहोल्डची मंत्रशाळा तिसऱ्या पायरीच्या वर बांधताच येत नाही, म्हणजे आमच्याकडे शिक्षणाची परिस्थिती आधीच बेताची. मी पूर्वी पोथी घ्यायचोच नाही, ते 500 ऑर्कांवर खर्च करायचो. पण सगळ्यांत खालच्या पायरीवर स्लो नावाचा एक सहा मॅनाचा मंत्र असतो. पृथ्वीविद्या हे कौशल्य एक्स्पर्ट असेल तर तो पाच मॅनात पडतो आणि समोरच्या अख्ख्या सैन्याचा वेग निम्मा करतो. पाच मॅना तर क्रॅग हॅकसुद्धा जमवतो. अडचण एवढीच की बार्बेरियनला लेव्हल वाढताना पृथ्वीविद्या क्वचितच समोर येते. त्याऐवजी ईगल आय नावाचं कौशल्य येतं, जे कुणालाच नको असतं. अठरा डावांत मला ती लेव्हल वाढताना दोनदा मिळाली आणि तीनदा चेटकिणीच्या झोपडीत, म्हणजे नकाशावर जिथे एखादं कौशल्य शिकायला मिळतं तिथे.

एवढी तयारी करून 6 सप्टेंबर 2024 ला सांगलीला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी गणपती बसले. मामाकडे पाच दिवसांचा गणपती असतो. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही माडीवर लॅपटॉप उघडला. मोठा नकाशा, दोघेच खेळाडू. दादानं विचारलंसुद्धा नाही, टॉवर घेतलं. सोलमिर.

"आणि तू परत तोच रेडा घेणार?"

"घेणार."

हॉट सीट म्हणजे पाठ फिरवून बसणं आलंच. चाळिशीला टेकलेली दोन माणसं आळीपाळीनं भिंतीकडे तोंड करून बसलेली बघून मामा दारातूनच परत गेला.

पहिली रात्र शांत गेली. माझ्या नशिबात झोपडी होती आणि झोपडीत पृथ्वीविद्या. मंत्रशाळेच्या पहिल्या पायरीवर स्लो निघाला तेव्हा मी चेहरा सरळ ठेवला. तरी दादाला संशय आला, कारण त्यानं विचारलं, "काय झालं? गप्प का बसलास?"

पाचव्या आठवड्यापर्यंत क्रॅग हॅक बाराव्या लेव्हलला होता. अटॅक 14, त्यातला एक शहरातल्या हॉल ऑफ वल्हालाचा आणि दोन एका तलवारीचे. डिफेन्स 5, पॉवर (मंत्रांचा जोर) 2, नॉलेज 2. सोबत 5 एन्शंट बेहेमथ (माझ्याकडचे सगळ्यांत दांडगे प्राणी), 12 थंडरबर्ड, 8 सायक्लॉप्स किंग, थोडे ऑर्क चीफटन आणि तीन हुतात्मे. दादाकडे 3 टायटन, 6 नागा क्वीन, 10 आर्चमेज, मास्टर जिनी, गार्गॉइल आणि 58 मास्टर ग्रेमलिन. सोलमिरची पॉवर 11. त्याची एक चेन लाइटनिंग साधारण 490 मार देत होती.

लढाई कुठे होणार हे मी आधीच ठरवलं होतं. टॉवरवाल्यांना बर्फ मानवतो, आम्हाला खडकाळ जमीन. आपल्या जमिनीवर प्रत्येक तुकडीचा अटॅक, डिफेन्स आणि वेग एकेकानं वाढतो. टायटनचा वेग 11, जिनीचा 11, माझ्या थंडरबर्डचाही 11. बर्फावर गेलो असतो तर ते 12 झाले असते आणि पहिली वीज माझ्यावर पडली असती. म्हणून मी तीन दिवस खडकाळ पट्ट्यातल्या एका सोन्याच्या खाणीजवळ घुटमळत राहिलो. दादाला वाटलं मी घाबरलो. तो उतरून आला. ज्या क्षणी त्याचा सोलमिर बर्फाची कड ओलांडून माझ्या टप्प्यात आला, त्या दिवशी मी हल्ला केला.

खडकाळ जमिनीवर थंडरबर्डचा वेग 12. म्हणजे पहिली पाळी माझी, आणि पाळी आली की हीरोला मंत्र टाकता येतो. मी पोथी उघडली.

"तुझ्याकडे पोथी आहे?" दादा पुढे सरकला.

स्लो. त्याचं अख्खं सैन्य गळ्यात धोंडा बांधल्यासारखं झालं. टायटन माझ्या गॉब्लिनांच्या पंगतीत येऊन बसले. मग थंडरबर्ड उडाले आणि सरळ आर्चमेजवर. इथे थांबायचं नव्हतं, कारण हा हिशेब मी वहीत आधीच करून आणला होता. एका थंडरबर्डचा मार 11 ते 15. बारांचा कमीत कमी 132. त्यांचा अटॅक 13, क्रॅग हॅकचे 14, जमिनीचा 1, एकूण 28. आर्चमेजचा डिफेन्स 9 आणि सोलमिरचे 2, म्हणजे 11. फरक 17, म्हणजे 85 टक्के. वर ऑफेन्सचे 48. नशीब कितीही फुटकं निघालं तरी 307. दहा आर्चमेजची मिळून हेल्थ 300. दहाही गेले, आणि सगळेच गेल्यावर उलटा फटका द्यायला कोण उरतं?

मला सगळ्यांत जास्त उत्सुकता पुढच्या गोष्टीची होती. चेन लाइटनिंग ज्याच्यावर टाकाल त्याला पूर्ण लागते, मग सगळ्यांत जवळ जो असेल त्याला निम्मी, पुढच्याला त्याच्या निम्मी, असं करत पाच जणांना. तिला आपला-परका कळत नाही. मी बेहेमथ मागेच ठेवले होते आणि त्यांना चिकटून दोन गॉब्लिन. तिसऱ्याला वेगळा, पुढे पाठवला होता. दादानं बावीस वर्षांच्या सवयीनं वीज बेहेमथवर टाकली. 490, एक बेहेमथ मेला. तिथून 245 एका गॉब्लिनला. 122 दुसऱ्याला. पाच हेल्थच्या त्या जिवांना! उरलीसुरली ठिणगी सायक्लॉप्सला जाऊन लागली, त्यांनी डोळासुद्धा मिटला नाही.

दादा स्क्रीनकडे बघत राहिला. "हे तू मुद्दाम केलंस?"

टायटन आणि जिनींनी मिळून पाच थंडरबर्ड मारले. सात उरले.

दुसऱ्या फेरीत नागा क्वीन तीन-तीन घरं सरपटत पुढे आल्या होत्या. बेहेमथना वेट दिलं. तिसरा गॉब्लिन धावत गेला आणि नागांना त्यानं गदा मारली. किती मार बसला माहीत नाही, फार तर 3 असेल. नागांनी त्याला उलटून कापला. तेवढंच हवं होतं. खालून मामीचा आवाज आला, "आरतीला चला रे, ताट तयार आहे!"

"आलो आलो," म्हणत दादानं घाईघाईनं दुसरी वीज टाकली, या वेळी थंडरबर्डवर. साती गेले. पण थंडरबर्ड बसले होते त्याच्याच गोटात, आणि त्यांच्या सगळ्यांत जवळ उभे होते मास्टर ग्रेमलिन. 245 ला भागिले चार हेल्थ. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न ग्रेमलिन दादानं स्वतःच भाजून काढले. पुढची उडी टायटनवर.

मी हसलो नाही. खरंच नाही हसलो. जिना उतरताना मात्र आवरेना. 'सुखकर्ता' पासून 'घालीन लोटांगण' पर्यंत दादा माझ्याकडे न बघता टाळ्या वाजवत होता. मामीनं आम्हा दोघांना खिरापत दिली आणि विचारलं, "भांडलात काय रे?"

वर येऊन फेरी पुढे सुरू. थांबलेले बेहेमथ उठले. चार बेहेमथ, आणि हे प्राणी समोरच्याचा 80 टक्के डिफेन्स फाडून काढतात. सहातल्या चार नागा गेल्या, उलटा फटका नाही, कारण तो गॉब्लिनवर संपलेला. माझा स्लो दोनच फेऱ्या टिकतो, कारण पॉवर दोन, पण मॅना उरला होता, म्हणून ही फेरी संपण्याआधीच तो परत टाकला. त्यामुळे तिसरी फेरी सुरू होताच पहिली पाळी पुन्हा बेहेमथचीच. परत टाकला. उरलेल्या नागाही गेल्या.

दादानं माउस हातात घेतला, थोडा वेळ फिरवला आणि पळून जाण्याचं बटण दाबलं. टायटन, जिनी, गार्गॉइल, सगळं सोडून सोलमिर एकटाच गेला.

"पळालास."

"नियमात आहे," दादा म्हणाला. पाठ फिरवून बसल्यावर मला नाण्यांचा आवाज ऐकू आला. 2500. सोलमिर खानावळीतून परत आला होता.

मला टॉवरच्या तटापाशी पोहोचायला चार दिवस लागले. मध्ये नवा आठवडा लागला. क्रॅग हॅककडे चार बेहेमथ होते, सायक्लॉप्स होते, आणि सायक्लॉप्स तट फोडतात, त्यामुळे मी निर्धास्त होतो. गॉब्लिन एकही नव्हता. नवीन आणायला शहरात परत जायला हवं होतं आणि विजयाच्या भरात मी गेलो नाही. रात्रीचे दीड वाजले होते. वेढ्याची लढाई सुरू झाली, मैदान उघडलं.

तटाच्या आत चार जागी एकेक ग्रेमलिन उभा होता.

"ये," दादा म्हणाला.